लायब्ररीतली धूळ

सकाळी सहाला सोसायटीच्या आवारात खराट्याचा आवाज सुरू होतो. खर्र, खर्र, मग थोडा थांबा, परत खर्र. त्या आवाजाबरोबर मला आमच्या घरातलं एक वाक्य हटकून आठवतं. अभ्यासाचा कंटाळा केला की वडील म्हणायचे, "शिकला नाहीस तर झाडू मारत बसशील." पुस्तक एका हातातलं आणि झाडू दुसऱ्याच कुणाच्या तरी हातातला, ही वाटणी आम्ही अशी लहानपणीच पाठ केली.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बेरिया नावाचं छोटं गाव आहे आणि त्याच नावाचं छोटं कॉलेज. विद्यार्थी जेमतेम दीड हजार. इतिहास, तत्त्वज्ञान, रसायन शिकणारी इथली मुलं झाडू बांधतात. 1920 पासून कॉलेजात झाडूंची कार्यशाळा चालते. ज्वारीच्याच कुळातल्या एका पिकाचे तुरे दांड्याभोवती गच्च आवळून ते झाडू तयार होतात आणि विकले जातात.

हे कॉलेज उभं राहिलं ते जॉन फी नावाच्या धर्मोपदेशकामुळे. 1855 साली, गुलामगिरी चालू असलेल्या प्रांतात, त्यांनी एका खोलीत शाळा काढली. चार वर्षांत गुलामगिरीच्या पाठिराख्यांनी या मंडळींना गावातून हाकलून लावलं. यादवी युद्ध संपल्यावर ती परत आली आणि काळी-गोरी मुलं-मुली एकाच वर्गात बसू लागली. ते 1904 साली कायद्यानं बंद पाडलं. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं आणि 1908 साली हरलं. पुढं 1950 मध्ये कायदा सैल झाला, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार पुन्हा उघडलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास ज्यांनी उभा केला ते कार्टर वुडसन इथलेच. ते पदवी घेऊन बाहेर पडले 1903 साली. एक-दोन वर्षं उशीर झाला असता तर त्यांनाही दार बंदच होतं.

आणि गंमत पाहा, संस्थापकाचं आडनाव फी, पण 1892 पासून कॉलेज शिकवण्याची फी घेत नाही. त्याऐवजी प्रत्येकानं आठवड्याला किमान दहा तास काम करायचं. कुणी हातमागावर, कुणी शेतात, कुणी लायब्ररीत, कुणी कॉलेजच्याच हॉटेलात ताटं उचलायला. थोडेफार पैसेही हातात पडतात. रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे जॉन फेन याच कॉलेजचे माजी विद्यार्थी, आणि बेल हुक्ससारख्या नामवंत लेखिका आयुष्याची शेवटची वर्षं आपल्या केंटकीत परतून इथंच शिकवत होत्या. पण मला कुतूहल आहे ते त्या ताटं उचलणाऱ्या मुलाचं. टेबलावर वर्गमित्राचे आईवडील बसले असतील तर त्याला काय वाटत असेल? बहुधा काहीच नाही. कारण वर्गमित्रही त्या वेळी कुठंतरी फरशी पुसत असणार.

हे आपल्याला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना असंच कष्ट करत शिकवलं, आणि 1947 साली तिथं छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेही 'कमवा आणि शिका' याच पायावर. स्वावलंबी शिक्षण हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद. योजनेचं नाव पुढं गावोगावच्या कॉलेजांत गेलं. आमच्याही कॉलेजात होतं. फक्त जाता जाता त्यातून 'सर्वांनी' हा शब्द गळला. नोटीस लागायची ती 'गरजू विद्यार्थ्यांसाठी'. बेरियात बहुतेक सगळेच गरजू घरांतले, हे खरं. तिथं लपायचं कुणापासून? आमच्या वर्गात मात्र चौघे काम करायचे आणि साठजण बघायचे.

त्या चौघांतला एकजण माझा बाकावरचा सोबती. दुपारी लायब्ररीत पुस्तकं झाडून लावायचा. आम्ही आत शिरलो की मागच्या रॅकआड जायचा. आम्हालाही ते कळायचं, आणि आम्ही न कळल्यासारखं करायचो. ते शहाणपण आहे असं तेव्हा वाटत होतं.

मागच्या महिन्यात बॅचचा मेळावा झाला. सगळ्यांच्या आठवणी त्याच त्या: कँटीनचा वडा, बुडवलेले तास, सरांच्या लकबी. तो शेवटपर्यंत गप्प होता. मग चहा घेताना माझ्याजवळ आला आणि लायब्ररीबद्दल बोलायला लागला. कुठल्या रॅकला वाळवी लागली होती, कोणत्या खिडकीतून पावसाचं पाणी यायचं, कोणते सर कुठली पुस्तकं परत परत न्यायचे. तीन वर्षं मी तिथं जात होतो. मला यातलं काहीही सांगता आलं नसतं.

निघताना म्हणाला, "आणि ते लाल बांधणीचं, दुसऱ्या रॅकमधलं, तू परत केलंच नाहीस. मी रजिस्टरला तुझ्या नावापुढं फुली मारली नव्हती."

पुस्तक माझ्या कपाटात आहे. आज काढलं. वरच्या कडेला बोटभर धूळ होती.