शबरीची बोरे आणि उष्ट्याचा प्रश्न

देवास जिल्ह्यातील कन्नौदच्या परिसरात, विंध्य नर्मदेकडे उतरतो त्या कोरड्या भागात, रानबोरीची झुडपे बांधावर आणि पडीक जमिनीवर वाढतात. काटे जोडीने येतात, एक सरळ, दुसरा आकडीसारखा वाकलेला. त्यामुळे बोरे तोडताना हात ओरखडतोच. फळे ताजी खातात, वाळवून ठेवतात, कुटून चूर्ण करतात. आयुर्वेदात लहान रानबोराला कर्कंधू म्हणतात. चरकसंहितेने बोराची गणना हृद्य द्रव्यांत केली, आणि आंबट बोराची उलटी थांबवणाऱ्या द्रव्यांत.

याच फळाने धर्मविचारापुढे एक अवघड प्रश्न ठेवला: चाखलेले फळ देवाला चालते का? वाल्मीकींच्या अरण्यकांडात शबरी पंपेच्या तीरावर गोळा केलेला रानमेवा रामाला देते. उष्ट्या बोरांचा उल्लेख तिथे नाही. शबरीने प्रत्येक बोर चाखून गोड तेवढी रामाला दिली, ही कथा नंतरच्या भक्तिपरंपरेतली. नैवेद्याची चव देवाआधी कोणी घेऊ नये, हा नियम आहे. पण एकाच झुडपावर गोड, आंबट, किडकी अशी सगळी बोरे लागतात आणि वरून ती नेमकी ओळखता येत नाहीत. चाखल्याशिवाय गोडीची खात्री नाही. म्हणजे शबरीचा नियमभंग निष्काळजीपणाचा नव्हे, काळजीचा होता. देवाला उत्तम तेच द्यावे हा सोवळ्याचा हेतू असेल, तर तो तिच्याइतका कोणी पाळला नाही.

मराठी घरांत तुळशीच्या लग्नाला, संक्रांतीच्या सुगडात आणि लहान मुलांच्या बोरन्हाणाला बोरे आजही लागतात.