खालून कोण बघणार?

दिवाळीच्या आधीचे चार दिवस आमच्या घरी दोन बांधकामे एकाच वेळी चालू असतात. अंगणात नातवाचा किल्ला आणि खिडकीपाशी माझ्या टेबलावर माझा रणगाडा. किल्ल्याला माती, विटांचे तुकडे, गोणपाट आणि अळीव लागतात. रणगाड्याला प्लास्टिकचा पत्रा, तांब्याची तार, कानस आणि डोळ्यांवर भिंग. दोन्ही कामांत कपडे सारखेच खराब होतात, असे सौभाग्यवतींचे मत आहे. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने आणि दहा वर्षांच्या मुलाने एकाच वेळी मोरीवर हात धुवायला यावे, यात त्यांना काहीतरी विपरीत वाटते. मला वाटत नाही. उरलेल्या आयुष्यात करण्यासारखी यापेक्षा विपरीत कामे पुष्कळ आहेत.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. प्लास्टिकच्या रणगाड्याचे सुटे भाग खोक्यात मिळतात. ते काड्यांवरून कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. नवशिक्याचे काम इथे संपते. ज्याला नाद लागला त्याचे इथे सुरू होते. कारण खोक्यातली प्रतिकृती मूळ वस्तूशी ताडून पाहू लागले की चुका दिसू लागतात. खोक्यावर १/३५ असे प्रमाण छापलेले असते. म्हणजे प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर हा मूळ वस्तूवरचा पस्तीस मिलिमीटर. चिखल उडू नये म्हणून लावलेला बाजूचा साधा पत्रा साच्यातून एक मिलिमीटर जाड निघाला, तर त्या हिशेबाने ते चांगले जाडजूड चिलखत झाले! मग तो पत्रा कापून काढायचा आणि त्या जागी गोळ्यांच्या पाकिटाचा पातळ वर्ख बसवायचा. साच्यातच ओतलेल्या मुठी तासून टाकायच्या आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याच्या तारेच्या नव्या वळायच्या. षट्कोनी काडीचे काकडीसारखे काप काढले की बोल्टची डोकी होतात. उरलेली काडी पणतीच्या ज्योतीवर मऊ करून ताणली की केसासारखी बारीक तार निघते. ती बिनतारी यंत्राच्या कामी येते. ओतीव बुरुजाचा खडबडीतपणा आणायला लांबी फासून जुना दात घासायचा ब्रश टोचत राहावे लागते. हे सारे बाजारातून आणायचे नाही. आपले आपणच घडवायचे.

गंमत म्हणजे हे १/३५ चे प्रमाण काही शास्त्रातून आलेले नाही. जपानातल्या शिझुओका शहरी तामिया नावाची मंडळी पूर्वी लाकडाचा व्यवसाय करीत. १९६१ साली त्यांनी पँथर नावाच्या जर्मन रणगाड्याची चालणारी प्रतिकृती काढली. आत मोटार आणि दोन बॅटऱ्या बसाव्यात एवढा तिचा आकार ठेवला. पुढे मोजून पाहिले तेव्हा तो मूळच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याचा भरला, आणि तेच प्रमाण जगभर रूढ झाले. हे शुनसाकु तामिया यांनी स्वतःच आपल्या आठवणींत मोकळेपणाने सांगितले आहे. सोयीसाठी केलेली गोष्ट पुढे नियम होऊन बसते, याचे इतके निरागस उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

माझ्या टेबलावर असलेला रणगाडा मात्र वेगळा आहे आणि त्याच्या खोक्यावरचे नाव मी सांगणार नाही. तो सेंच्युरिअन आहे. मूळचा ब्रिटिश, सुमारे पन्नास टनांचा, चार माणसांनी चालवायचा. रुंदी ३.३९ मीटर; माझ्या टेबलावर ती ९७ मिलिमीटर. ही प्रतिकृतीही कोणे एके काळी बॅटरीवर चालत असावी, कारण तिच्या पोटाला बटणासाठी आणि दांड्यासाठी भोके आहेत. शिवाय पट्ट्यांच्या वर ज्या सामानाच्या पेट्या येतात, त्या खालून चक्क पोकळ आहेत. वरून पाहिले तर भरलेली पेटी, खालून पाहिले तर उपडे टोपण. मी अर्ध्या मिलिमीटरचा पांढरा पत्रा कापून ती भोके आणि त्या पोकळ्या एकेक करून बुजवीत होतो. त्या दिवशी नातू किल्ल्याचे हात तसेच घेऊन आला आणि म्हणाला, “आजोबा, ही खालची बाजू ना? एकदा पट्टे बसले, बाजूची झालर लागली, की खालून कोण बघणार?”

मी ठेवणीतले उत्तर दिले. म्हटले, “कोणी बघो न बघो, आपल्याला माहीत असतं ना!”

त्याला ते पटले. मुलांना आजोबांची वाक्ये लवकर पटतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते वाक्य मलाच पटेना.

आपल्याला माहीत असते, हे खरे. पण माहीत असल्याने काय होते? मला एक गोष्ट पन्नासहून अधिक वर्षे माहीत आहे. १९७३ साल. दुष्काळाची कामे चालली होती. मी तेवीस वर्षांचा, एका सरकारी कचेरीत नुकता लागलेला ओव्हरसिअर. एका रस्त्यावर मोरी बांधली जात होती. पायाची खोली माती भरण्यापूर्वी मोजायची, हा त्या कामातला पहिला धडा. मला पोचायला एक दिवस उशीर झाला. पाहतो तो पाया भरलेला आणि दगडांचे दोन थर वर चढलेले. मिस्त्री म्हणाला, “साहेब, सव्वा मीटर पुरते गेलोय. आईची आन.” शेजारी खड्डा घेऊन पाहायचे तर अर्धा दिवस मोडला असता. पलीकडे खडी फोडणाऱ्या बाया बसल्या होत्या. बिल अडले तर आपलाही पगार अडेल, असे त्यांना वाटत होते. कदाचित ते खरेही होते. मी मोजमापाच्या वहीत १.२५ मीटर असा आकडा घातला, ‘प्रत्यक्ष मोजले’ असे लिहिले आणि खाली सही केली.

मोरी पडली नाही. काही वर्षांपूर्वी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वाकून पाहिली. धडधाकट उभी आहे. पण त्यावरून मिस्त्री खरा ठरतो, मी ठरत नाही. ‘आपल्याला माहीत असतं’ हे वाक्य मी नातवाला सांगितले खरे. पण इतकी वर्षे माहीत असूनही माझ्या जेवणाखाण्यात, झोपेत, बढत्यांत त्याने तसूभर फरक पडला नव्हता.

आमचे एक स्नेही आहेत. निवृत्त शिक्षक, बोलायला फटकळ. दुसऱ्या दिवशी चिवड्याची चव पाहायला आले, तेव्हा मी त्यांना सारे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे खऱ्या मोरीचा पाया तपासला नाहीस आणि आता खेळातल्या गाडीची भोकं बुजवतोस. प्रायश्चित्त स्वस्तात पडलं की रे! जिथं काही गमवावं लागत नाही, तिथला खरेपणा हा खरेपणाच नव्हे. तो एक शौक.”

मला राग आला. कारण त्यांचे म्हणणे बरोबर होते. शिवाय या शौकाची दुसरी एक बाजू त्यांना ठाऊक नव्हती. मी बनवीत असलेला सेंच्युरिअन ‘कुठला तरी’ नाही. पूना हॉर्स या पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या रणगाड्यातून लढले, त्याच्यासारखा तो मला करायचा आहे. त्या रणगाड्याचे नाव फामागुस्टा. खेत्रपालांचा जन्म पुण्याचा, १९५० सालचा. मीही त्याच सालचा. रणगाड्यावर मारा झाला होता, ते स्वतः जबर जखमी होते, सोडून बाहेर या असे वरून सांगण्यात येत होते. आपण हललो तर शत्रू इथूनच आत घुसेल हे ओळखून ते जागचे हलले नाहीत. एकवीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, त्यांच्याच वयाच्या मला, अर्धा दिवस मोडणे जड गेले होते.

नगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. या कामासाठी मी तिथे दोनदा गेलो. तिथल्या सेंच्युरिअनला टेप लावायचे धाडस झाले नाही. एका बाजूला सहा चाके. चाकाच्या मापावरून बाकीचे अंदाज घेत वहीत चित्रे काढली. तिथे उभे असताना एकदा मनात आले, की हे चालले आहे काय? ज्या पोलादाच्या पेटीत तरुण माणसे भाजून मेली, तिच्या मुठी किती बारीक आहेत याची मला चिंता! पण वही मिटवली नाही. एखाद्या गोष्टीबद्दल आदर वाटतो असे म्हणायचे आणि ती कशी होती हे मात्र नीट पाहायचे नाही, हेही मला बरे वाटेना.

त्या लढाईची एक उत्तरकथा आहे. अरुणचे वडील ब्रिगेडिअर मदनलाल खेत्रपाल २००१ साली, ऐंशी ओलांडल्यावर, सरगोध्याचे आपले जन्मस्थान पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरात त्यांचा पाहुणचार ब्रिगेडिअर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी केला. पाहुणा परत निघण्याच्या आदल्या रात्री यजमानाने त्यांना सांगितले, की बसंतरवर तुमच्या मुलासमोर मीच होतो. तो माझ्या हातून गेला.

त्यांना कोणी विचारले नव्हते. सांगितले नसते तर कोणाला कळलेही नसते. म्हातारा पाहुणा गोड आठवणी घेऊन परतला असता. सांगण्याने गेलेला परत आला नाही. पण तीस वर्षे झाकलेली एक जागा त्या रात्री उघडी झाली, आणि बापाने ते ऐकून घेतले. मला दोघांचेही धैर्य सारखेच मोठे वाटते.

स्नेह्यांना मी एवढेच म्हणालो, “प्रायश्चित्त नाही, हे कबूल. एका खात्याची बाकी दुसऱ्या खात्यात भरून फिटत नाही.” मग हे करायचे कशासाठी, याचे उत्तर मला त्यांच्याकडून मिळाले नाही. ते अंगणात मिळाले.

संध्याकाळी किल्ला पाहायला बाहेर गेलो. महाराज सिंहासनावर बसले होते. महादरवाज्याशी एक मावळा उभा होता, तो दरवाज्याहून वीतभर उंच. मी विचारले, “हा आत कसा जाणार रे?” नातू शांतपणे म्हणाला, “तो पहारेकरी आहे. तो आत जातच नाही.”

मी हसलो आणि हसता हसता थांबलो. इतक्या चुकीच्या प्रमाणाचा तो किल्ला मला खोटा का वाटत नव्हता? कारण त्याच्यावर कुठे आकडा लिहिलेला नव्हता. आम्ही मोजले आहे, असे त्या किल्ल्याचे म्हणणेच नव्हते. माझ्या खोक्यावर मात्र १/३५ असे छापलेले आहे. आकडा छापला की वचन दिले गेले. चूक असणे हा काही खोटेपणा नव्हे. माणसाच्या हातून तंतोतंत काय झाले आहे? खोटेपणा आहे तो न मोजता ‘मोजले’ म्हणण्यात. मोरीचा पाया उथळ होता की खोल, हा माझा अपराध नव्हताच. ‘पाया भरल्यानंतर पाहिले, माप मिस्त्रीच्या सांगण्यावरून’ एवढे लिहायला त्या वहीत जागा होती. तेवढी एक ओळ मी लिहिली नाही.

पायरीवर बसून मी ही हकीगत नातवाला सांगितली. लपवाछपवी न करता, सहीसकट. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग आता तुम्ही तिथे जाऊन खणून बघाल?”

मी म्हटले, “आता ती वही नाही, आणि मोरी खणू देणार नाहीत.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नाही असेच सांगितले. आजोबांचे एक वाक्य त्याला पटले नाही, याचे मला वाईट वाटले नाही.

रात्री मी रणगाडा उलटा केला. पोटाचा शेवटचा तुकडा अजून चिकटवायचा होता. त्याच्या आतल्या बाजूला, जिथे रंग लागणार नाही, तिथे बारीक पेन्सिलीने लिहिले: ‘चाके, मोजून. पेट्या, चित्रावरून. मागील मुठी, अंदाजाने.’ खाली तारीख घातली आणि सही केली. ते वाचायला आता रणगाडाच फोडावा लागेल. ‘खालून कोण बघणार?’ या प्रश्नाचे उत्तर अजूनही ‘कोणी नाही’ असेच आहे. पण कोणी कधी उघडलाच, तर आत लिहिलेले खरे असेल.

तुकडा चिकटवून हात धुवायला गेलो, तर नातू तिथे आधीच उभा होता. साबण त्याने मला दिला.