खोडावरचं काळीज

मे महिन्याच्या अखेरीला पवना धरणाचं पाणी खाली जातं आणि वाघेश्वराचं हेमाडपंती देऊळ उघडं पडतं. त्या दिवसांत आत्या रोज संध्याकाळी काठावर येऊन बसते. तिचं सासरघर पाण्यात नेमकं कुठं आहे, ते ती बोटानं दाखवते. यंदा तिच्याबरोबर वरच्या देवीच्या राईत गेलो. देवीपर्यंत पायऱ्या आणि पावसात बसायला पत्र्याची शेड करायची, त्यासाठी दोन झाडं तोडायची असं गावात ठरलं होतं. मागणी आत्याच्याच वयाच्या बायकांची.

"ह्या डागापायी पायऱ्या अडवणार व्हय तू?" तिनं खोडावर नख आपटलं.

डाग तळहाताएवढा, वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा. मी बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं. बघता बघता कडा उलगडल्या, काळपट तपकिरीतून हिरवा वर आला.

"शेवाळ हाये."

"शेवाळाच्या भावकीतलं. पुस्तकात याला यकृतका म्हणतात. काही जाती यकृतासारख्या दिसतात, म्हणून जुन्या काळी युरोपात त्या यकृताच्या दुखण्यावर द्यायचे."

"म्हंजे काळीज म्हण की."

इतकी वर्षं मी तो पुस्तकी शब्द वापरतोय, पण हा कधी सुचला नव्हता.

मी तिच्या हातात भिंग दिलं. फ्रुलानिया वंशातली ही वनस्पती. खवल्यांसारखी एकावर एक पानं, आणि प्रत्येक पानाच्या पोटाशी टोपीच्या आकाराची इवली पिशवी. तीत पाणी साठतं, आणि त्या पाण्यात रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव बिऱ्हाड करतात.

"औषधाला लागतं?"

"हे नाही लागत."

"गुरं खात्यात?"

"नाही. पण आत्या, जमिनीवर झाडोरा आला तेव्हा आधी आलेल्यांत यांचे पूर्वज होते. अर्जेंटिनात 47 कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणू सापडलेत, ते यांच्यासारख्याच वनस्पतींचे मानतात."

"जुनं हाये म्हणून ठिवायचं? आमचं गाव काय नवं हुतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी तिला इक्वेडोरमधल्या टोपो नदीची गोष्ट सांगितली. रिचर्ड स्प्रूस नावाच्या इंग्रज माणसाला 1857 साली त्या नदीकाठी झुडपांच्या काटक्यांवर एक यकृतका मिळाली. पुराचं पाणी अंगावरून गेलं तरच ती जगते. पुढं जवळजवळ दीड शतक ती कुणाला दिसली नाही. 2002 मध्ये त्याच नदीवर पुन्हा सापडली, आणि त्याच नदीवर वीजप्रकल्पाची योजना आली.

"तिकडंबी धरणच," आत्या म्हणाली. थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिली. "मग हे आपलंबी तसंच का? शेवटचं?"

"नाही. याच्या भावकीतल्या जाती घाटात अजून आहेत."

"मग उचल आन् लाव दुसऱ्या झाडावर. आम्हाला नाय उचललं? देवीचा तांदळा टोपलीत घालून आणला हुता वर. ती आली, रुजली."

"याला मुळं नाहीत. सगळ्या अंगानं पाणी पितं. नराकडून मादीकडं जायचं तर बीज पाण्यातून पोहत जातं. पाण्याचा पातळ थर मोडला की वंश थांबला. एक झाड पाडलं तर ऊन-वारा शेजारच्या खोडावरही येतो. वणव्यानं डोंगर भाजतोच, धरणाकाठी तंबू आणि बंगले वाढतायत. सावलीचे असे तुकडे उरलेत, आणि एकातून दुसऱ्यात बीजाणू जायचा तर मधलं अंतर दर वर्षी वाढतंय. तुम्हालाही उचलून..."

"थांब." तिचा आवाज चढला. "माणसाची आन् ह्याची बरोबरी करू नगंस. पाणी शहराला दिलं. जलवाहिनीच्या टायमाला तीन माणसं गेली. आता गुडघं दुखत्यात म्हणून दोन पायऱ्या मागितल्या, तर सावली ह्याला हवी. दर टायमाला आम्हीच का रं सरकायचं?"

9 ऑगस्ट 2011, बऊर. जलवाहिनीविरोधी आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार. त्या तीन माणसांत एक बाई होती. ते मोजमाप माझ्या भिंगाखाली येत नाही, आणि आत्याचं म्हणणं खोटं नाही. ज्यानं आधीच सगळं दिलं, त्याच्याकडेच पुन्हा मागायला मी आलो होतो. तेही पुण्याहून, पाठीवर सॅक आणि खिशात परतीचं तिकीट घेऊन. तरी खोडावरचा तो हिरवा तुकडा काही मागू शकत नाही, आणि जो मागू शकत नाही त्याचं पहिलं जातं, हे या खोऱ्यात आत्याइतकं कुणाला कळणार? हे तिला ऐकवायचा हक्क मात्र मला नव्हता. मी गप्प राहिलो.

तिनं पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. हात थरथरत होता, म्हणून मी मनगट धरलं.

"टोपीत पाणी हाये खरं," ती म्हणाली. मग खोडाभोवती हात टेकत फिरली. "ह्या अंगालाच हाये. त्या अंगाला नाय."

"तिकडून ऊन येतं."

"मग पायऱ्या तिकडनं येतील? तिकडं कडा हाये, दगड फोडावा लागंल. पैसं कोण देणार?"

मला सांगता आलं नाही.

"उद्या पारावर बैठक हाये. ये. भिंग आण. आन् पैशाचंबी बघून ये, नुसतं शेवाळ दावू नगंस."

उतरताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. तेवढ्या उतारावर ती तीनदा थांबली.