बटण अकरापर्यंत

'धिस इज स्पायनल टॅप' हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो वसतिगृहात, मित्राच्या कॉम्प्युटरवर. पहिली वीसेक मिनिटं मी तो खराखुरा माहितीपट समजूनच पाहत होतो. भिंतीवर आयर्न मेडनची पोस्टरं लावणारी आम्ही मुलं. या नावाचा एखादा ब्रिटिश बँड आपल्या कानावरून निसटला असेल, हे सहज पटण्यासारखं होतं. मित्राचं लक्ष पडद्यापेक्षा माझ्या तोंडाकडे जास्त होतं. बँडचा एक ड्रमर बागकाम करताना झालेल्या विचित्र अपघातात गेला, असं सांगतात तेव्हा मला वाईटच वाटलं. पुढचा ड्रमर ओकारी घशात अडकून गेला आणि ती ओकारी त्याची स्वतःची नव्हती, हे ऐकल्यावर मात्र मी मित्राकडे वळून पाहिलं.

हा चित्रपट 1984 सालचा. दिग्दर्शक रॉब रायनर. तोच पडद्यावर मार्टी डीबर्गी नावाचा माहितीपटकार होऊन मुलाखती घेतो. ख्रिस्तोफर गेस्ट, मायकेल मॅकीन आणि हॅरी शीअरर हे तिघं अमेरिकन नट उतरती कळा लागलेल्या एका ब्रिटिश बँडचे सदस्य झाले आहेत. संवाद बहुतांशी आयत्या वेळी सुचलेले. निर्मात्यांनी पटकथेसाठी दिलेले पैसे यांनी सुमारे 20 मिनिटांचा नमुनापट काढण्यावर घातले, कारण ही गंमत कागदावर दाखवता येणारीच नव्हती. छायाचित्रकार पीटर स्मोकलर हा मूळचा माहितीपटांतला माणूस. रायनर सांगायचा, की यात विनोदी काय आहे ते स्मोकलरला चित्रीकरणभर कळेना. त्यानं एरवी टिपलेले बँडही असेच वागत. एखाद्या विनोदाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मी तरी ऐकलेलं नाही.

सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रसंग घ्या. गिटारवादक नायजेल, म्हणजे गेस्ट, आपला अ‍ॅम्प्लिफायर दाखवतो. इतरांची बटणं दहापर्यंत जातात, त्याची अकरापर्यंत. डीबर्गी साधा प्रश्न विचारतो: मग दहालाच जास्त मोठा आवाज का ठेवत नाही? यावर गेस्ट गप्प होतो. च्युइंगम चघळत, बटणाकडे बघत, तो खरोखर विचार करतो. मग आपली बटणं अकरापर्यंत जातात, एवढंच पुन्हा सांगतो. दुसऱ्या कुठल्याही नटानं त्या क्षणी डोळे फिरवले असते, किंवा मूर्खपणा जरा फुगवून दाखवला असता. इथं मधल्या शांततेत एक माणूस आपली श्रद्धा तपासून पाहतो आणि तिच्यापाशीच परत येतो. प्रश्न विचारणाराही कुत्सितपणे विचारत नाही. हसायची जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते.

माझं म्हणणं एवढंच, की निर्विकार विनोदाला आपण थंड समजतो ती चूक आहे. ज्याची टिंगल करायची त्याच्याबद्दल आस्था असल्याशिवाय चेहरा इतका वेळ सरळ राहत नाही. आस्था म्हणजे काय, तर आधी त्यांचं काम यायला हवं. आपल्याकडे आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'मधली विडंबनं टिकली, कारण वृत्तांवर त्यांची हुकमत होती. स्पायनल टॅपची गाणी या मंडळींनी स्वतः रचली, स्वतः वाजवली. शब्द बाजूला ठेवून नुसती चाल ऐकली तर ती त्या काळातल्या कुठल्याही ध्वनिमुद्रिकेत खपून जाईल. 1992 मध्ये हा नसलेला बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवूनही आला.

स्टोनहेंजचा प्रसंगही असाच. मंचासाठी त्या प्राचीन शिळांची प्रतिकृती हवी असते. नायजेल कागदी रुमालावर चित्र काढून माप लिहितो. आकडा 18. फुटासाठी एक रेघ हवी, तो दोन देतो. आपल्याकडचा सुतारही फूट आणि इंच असेच लिहितो, त्यामुळे ही चूक मला फार जवळची वाटते. कारागीर सांगितल्याबरहुकूम काम करतात आणि ऐन कार्यक्रमात, धुराच्या लोटांत, वरून 18 इंचांचं स्टोनहेंज अवतरतं. वादकांच्या चेहऱ्यांवर किंचित अविश्वास, पण गाणं चालूच. बिचारे थांबणार कसे?

या घराण्यातल्या पुढच्या पिढीबद्दल माझी एक तक्रार आहे. 'द ऑफिस'पासून पात्रानं कॅमेऱ्याकडे बघून भुवई उंचावायची रीत पडली. मला ती मालिका आवडते; मूळ ब्रिटिश आवृत्ती तर फारच. पण ती नजर म्हणजे मागून वाजणाऱ्या हशाचीच सभ्य बहीण. 'बघा, हा किती वेडा आहे' असं सांगून ती प्रेक्षकाला शहाण्यांच्या बाकावर बसवते. स्पायनल टॅपमध्ये असा बाक नाही. कॅमेरा समोर आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे, पण त्याच्याशी कुणी संगनमत करत नाही. म्हणून क्लीव्हलँडला मंचाकडे जाताना तळघरातल्या बोळांत वाट चुकलेली ही माणसं पाहताना हसू येतं, आणि अशी वाट आपणही चुकलो असतो हेही कळतं. अनेक खऱ्या वादकांनी पुढे तशी कबुली दिली. बालपणापासूनच्या दोन मित्रांत पडलेली फूट आणि शेवटी एकानं दुसऱ्याला मंचावर परत बोलावणं, हे तर मी आजही जरासं घसा दाटूनच पाहतो.

1990 मध्ये मार्शल या अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या खऱ्या कंपनीनं नवं मॉडेल बाजारात आणलं. जाहिरातीला नायजेलच्या वेषातला गेस्ट होता, आणि त्या यंत्राची बटणं 20 पर्यंत जात होती.