सध्या काय वाचता?

'सध्या काय वाचता?' हा प्रश्न साधा. पण उत्तर देण्याआधी माणूस विचारणाऱ्याकडे पाहतो. मोहल्ल्यात दीनी किताबाचे नाव सांगितले जाते, साहित्यिकांच्या बैठकीत हमीद दलवाईंच्या 'इंधन'चे. दोन्ही पुस्तके एकाच उशाशी असतात, हे मात्र कुठेच सांगितले जात नाही.

आमच्या मते हा प्रश्न नीयतीचा आहे. दाखवण्यासाठी केलेल्या इबादतीला आपल्याकडे रिया म्हणतात, वाचनाचेही तसेच. 'इक्रा', म्हणजे 'वाच', हा हुकूम हजरत मुहम्मद पैगंबरांना (स.) हिरा गुहेच्या एकांतात मिळाला. तिथे पाहणारे कुणी नव्हते.

मग वाचन लपवावे काय? नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. तो वाचणाऱ्या मुसलमानाने तसे सांगितले, तर त्यात शेखी नाही आणि गुन्हाही नाही.

खरे उत्तर ही पुढच्या वाचकाची अमानत असते. आपल्या घरातली एखादी मुलगी असेच पुस्तक लपवून वाचत असेल. आपण खरे सांगितले, तर आपण एकटी नाही, एवढे तरी तिला कळेल.