परीक्षा आणि ताटी



वाचक माउली, काही वर्षांपूर्वी कीर्तनात उभा असताना माझ्या तोंडून एक चुकीचे वाक्य गेले. त्यावर टाळ्या पडल्या, म्हणून ते चुकले हे कळायला मला वेळ लागला.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. पाचव्या दिवसाची सेवा माझी. त्याच आठवड्यात गावातला एक मुलगा राज्यसेवा परीक्षा उत्तीर्ण होऊन मोठ्या हुद्द्यावर निवडला गेल्याची बातमी आली होती. मंडळींनी कीर्तनातच त्याचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ झाले, आई-वडिलांना पुढे बोलावले. ती माउली पदराने डोळे पुसत होती. माझाही कंठ दाटला आणि त्या भरात मी बोलून गेलो, "याने रात्रीचा दिवस केला आणि पांडुरंगाने कृपा केली. जो खरे कष्ट करतो त्याला देव रिकाम्या हाताने परत पाठवत नाही!" मंडप दणाणला. टाळकऱ्यांच्या ओळीत उभ्या असलेल्या एका मुलाने मात्र गळ्यातले टाळ काढले, खाली ठेवले आणि तो निघून गेला. मला वाटले, पाणी प्यायला गेला असेल.

त्या मुलाला मी ओळखत होतो. आदल्या वर्षीच्या सप्ताहात काकडा आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला होता. म्हणाला, "बाबा, एक शंका आहे. फळाची आशा सोडून कर्म करावे, असे तुम्ही सांगता. मग मी परीक्षेचा फॉर्म तरी कशाला भरू?" शंका चांगली होती. मी उत्तर दिले, "अर्जुनाला देवाने नेम धरू नको असे सांगितलेले नाही. बाण दोरीवर आहे तोवर नजर लक्ष्यावरच हवी. बाण सुटला की हात त्याच्या मागे धावू नये, एवढेच." मला माझा दृष्टांत आवडला. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बाण मी सोडला हे खरं. पण त्यासाठी दोन बिघे वावर बापाचं गेलं. त्याचा हात कसा धावणार नाही?"

त्या वेळी आरतीची घाई होती. मी उठलो. सज्जनहो, आम्हा कीर्तनकारांना आरतीची घाई फार वेळा सोयीची पडते.

सप्ताहानंतर मला कळले ते असे. याने पाच वर्षे अभ्यास केला होता, त्यातली तीन पुण्यात. ज्याचा सत्कार झाला त्याच्याबरोबर एकाच खोलीत राहून, एकाच पुस्तकांवर. याचीही मुलाखत झाली होती आणि थोड्या गुणांनी नाव यादीबाहेर राहिले होते. कीर्तनाच्या रात्रीपासून त्याने घराच्या मागल्या खोलीचे दार लावून घेतले होते. वडील मला म्हणाले, "पोऱ्या बोलत नही महाराज, जेवत नही."

आता माझ्या वाक्याकडे पाहू. न्यायशास्त्राचे दोन धडे ज्याने घेतले आहेत त्याने तरी असे वाक्य बोलू नये. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण जेथे अग्नी तेथे धूर, ही खरी नाही. शास्त्रकारांचा जुना दाखला आहे, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. आत अग्नी पुरेपूर आहे, धुराचा मागमूस नाही. यश पाहून मागे कष्ट असतील असे म्हणता येते. यश दिसत नाही म्हणून कष्ट नव्हते किंवा देवाची कृपा नव्हती असे म्हणता येत नाही. मी सत्कार करताना धुराकडे पाहून बोललो आणि तापलेला गोळा टाळकऱ्यांच्या ओळीत उभा होता.

माझ्या नातवाने मला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेचे आकडे काढून दिले. अर्ज १० लाख १६ हजारांवर. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ९२ हजारांवर. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले १४,६२४, मुलाखतीपर्यंत २,८५५ आणि निवडीची शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे अर्ज करणाऱ्या हजारांत एक. मुख्य परीक्षेचे १,७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून २,०२५ गुण, आणि निवड व्हायची की नाही हे त्यातल्या एखाद्या गुणावरही ठरते. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतही हजारोंतल्या एखाद्याची गोष्ट काढतात, पण ती सिद्धीची वाट आहे आणि त्या वाटेवर जागा मोजलेल्या नाहीत. हजारचे हजार पोहोचले तरी देवाच्या घरी दाटी होत नाही. सरकारला मात्र जेवढे अधिकारी हवेत तेवढेच घ्यावे लागतात. यात आयोगाचा दोष नाही. दोष आमचा, आम्ही ती यादी कृपेची यादी म्हणून वाचतो.

आपल्या संप्रदायातही एक परीक्षा झाली आहे, ती तुम्हाला माहीत आहे. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी बसली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे कशाचे? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग या मंडळींत कच्चे कोण ते पाहा, असे मुक्ताईनेच सुचवले. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत बसले, नामदेवराय मात्र चिडले, कळवळले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे. ज्यांच्या हातचा नैवेद्य देव जेवला ते नामदेव नापास झाले. ते पंढरीला जाऊन देवापाशी रडले आणि देवाने त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवले. पुढे हेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि पंढरीला महाद्वाराची पहिली पायरी आजही त्यांच्या नावाची आहे.

नापास मुलाला धीर द्यायला ही कथा किती कीर्तनकारांनी वापरली असेल! मीही वापरली आहे. पण तिचे एक अंग मी कधी नीट पाहिले नव्हते. गोरोबाकाकांनी मडके तपासले ते पुन्हा आव्यात घालण्यासाठी. शिवाय त्या दिवशी सगळीच मडकी पक्की निघाली असती तरी काकांची हरकत नव्हती. आमच्या मुलांच्या परीक्षेत पक्की मडकीही बाहेर राहतात, कारण फडताळात जागा तेवढीच आहे. १,०१६ वा पक्का आणि १,०१७ वा कच्चा, असे गोरोबाकाकांचे थापटणे कधीच म्हणाले नसते. म्हणून निवड न झालेल्या मुलाला "तू नामदेवासारखा, अजून थोडा कच्चा आहेस" असे सांगणे हे पुष्कळदा खोटे सांत्वन ठरते. तो कच्चा आहे की नाही, हे ती यादी सांगतच नाही.

याचा अर्थ यशाचे कौतुक करू नये, असा मी काढत नाही. एरंडोल तालुक्यातल्या ताडे गावचे राजेश पाटील लहानपणी पाव विकत, मजुरीला जात. ते पुढे ओडिशात जिल्हाधिकारी झाले आणि त्यांनी आपल्या पुस्तकाला आपल्या अहिराणीतच नाव दिले, 'ताई, मी कलेक्टर व्हयनू'. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे राजेंद्र भारुड भिल्ल समाजातले. जन्माआधीच वडील गेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. ते आधी डॉक्टर झाले, मग जिल्हाधिकारी, आणि शेजारच्या नंदुरबारलाच त्यांनी तो कारभार केला. या दोघांची गोष्ट वाचून खानदेशातल्या किती झोपड्यांत दिवे उशिरापर्यंत जळले असतील! आपल्याही पोराला असे होता येते, हे शेतमजुराच्या बायकोला त्यामुळे कळले. हे लहान पुण्य नव्हे. (पद मिळताच लग्नाच्या बाजारात मुलाचा भाव वाढवणारे बापही मी पाहिले आहेत. त्यांचे कीर्तन वेगळे करावे लागेल.)

माझे म्हणणे राहिलेल्यांविषयी आहे. ज्या मुक्ताईने परीक्षा घ्यायला लावली, तिचीच दुसरी कथा आपण परीक्षेच्या दिवसांत सांगत नाही. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबामाउलींनी ताटी लावून घेतली. बाहेर मुक्ताई, भावंडांत सर्वांत धाकटी. तिने ताटीबाहेर उभे राहून पुष्कळ समजावले, पण प्रत्येक समजावणीच्या शेवटी मागणे एकच, दार उघड. ती निघून गेली नाही. 'उघडेल तेव्हा उघडेल' असेही म्हणाली नाही. ही मुक्ताई आपल्या तापीकाठची. कोथळी-मेहूणला आपण तिच्या दर्शनाला जातो आणि आषाढीला तिची पालखी महिनाभराहून अधिक चालून पंढरीला नेतो. ज्या गावात परीक्षा देणारी मुले आहेत, त्या गावात ताटीबाहेर उभे राहणारे कोणी हवे की नको?

मी गेलो. जाताना वाटेत तीन दृष्टांत तयार केले होते. दाराशी उभा राहून पहिला सुरू करतो तोच आतून आवाज आला, "बाबा, कीर्तन नको." मी ओट्यावर बसलो. त्याच्या आईने चहा दिला, तो पिऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशीही गेलो, तिसऱ्या दिवशीही. वडील कापसाला पाणी देऊन यायचे आणि माझ्याशेजारी बसायचे. एकदा ते म्हणाले, "महाराज, मी कापूस लावतो. बी चांगलं, खत चांगलं, आणि बोंड फुटायच्या वेळी पाऊस येतो. त्या वर्षी मी वावरावर रागावत नही. पोरावर कसा रागावू? पण त्याला हे खरं वाटत नही." ज्या माणसाचा हात बाणामागे धावेल असे मुलाला वाटत होते, तो माणूस गीता न वाचता हे बोलत होता. हे वाक्य मी दाराच्या फटीतून जसेच्या तसे आत सांगितले. माझे तिन्ही दृष्टांत तसेच राहिले.

चौथ्या दिवशी मी म्हणालो, "माझं चुकलं." कडी वाजली. दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला मुलगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, बोललात ते सगळ्या गावासमोर. चुकलं म्हणता ते इथे, मला एकट्याला."

त्यावर मला आरतीची घाई सांगता आली नाही.

पुढे त्याच्याशी खूप बोलणे झाले, त्यातली एक गोष्ट आई-वडिलांसाठी लिहितो. तो म्हणाला, "वारीला परतीचा दिवस असतो, आम्हाला नसतो." खरे आहे. आपण पंढरीला राहायला जात नाही. गाभाऱ्यात डोके टेकले तर उत्तम, नाहीतर कळस पाहून हात जोडतो. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो आणि आपण पेरणी सांभाळायला घरी येतो. या मुलांना कायदा सांगतो ते एवढेच, की केंद्राच्या परीक्षेला खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा संधी, राज्याच्या परीक्षेला ३८ वर्षांपर्यंत वय. राखीव प्रवर्गांना त्याहून अधिक. तोवर कोणी मागे बोलवत नाही आणि आपणहून परत आला तर गाव त्याला हरला म्हणते. वारी करून परतलेल्याच्या पाया पडायची आपली रीत आहे, गाभाऱ्यापर्यंत पोहोचलास का, असे विचारून कोणी पाया पडत नाही. निघतानाच घराने मुलासह बसून ठरवावे, इतकी वर्षे, इतके पैसे, आणि मग काला. तो दिवस निघण्याआधी ठरला तर परतणे सोपे जाते. हरल्यानंतर ठरवायला गेले की ती शिक्षा वाटते.

तो मुलगा आता धुळ्याला नोकरी करतो. मोठी नाही. वर्षातून दोनदा गावी येतो आणि टाळ घेऊन उभा राहतो. सप्ताहाच्या मंडळींना मी सुचवले होते की सत्कार करायचाच तर काल्याच्या दिवशी परीक्षा दिलेल्या सगळ्या मुलांना पुढे बोलवा, एकाच हंडीतला काला सगळ्यांच्या हातावर द्या. एकाने विचारले, "मग पास झालेल्याचा मान तो काय राहिला?" त्यावर अजून वाद चालू आहे.

माझा घसा त्यानंतर दोन वर्षांतच गेला, सेवा थांबली. त्या गावी पुन्हा नारदाच्या गादीवर उभे राहण्याचा योग आला नाही आणि मुलाचे म्हणणे तसेच राहून गेले. म्हणून येथे, सगळ्यांसमोर लिहितो. जो खरे कष्ट करतो त्याला देव रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, असे मी त्या सप्ताहात म्हणालो होतो. ते वाक्य मी मागे घेतो. त्याचे वडील या मासिकाचे जुने वर्गणीदार आहेत. अंक घरी पोहोचला की ते त्याला वाचून दाखवतील.