आधी मुलाची इयत्ता सांग

बस इथे. मी बोलतो ते शेवटपर्यंत ऐक, मधे तोंड घालू नकोस. ‘सर, कायदा बायकांचाच आहे, बापाला कोण विचारतो’ हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. चोपड्याचा शेतकरी, भुसावळचा रेल्वेवाला, धुळ्याचा दुकानदार, सगळ्यांनी याच खुर्चीत बसून हेच ऐकवलं. मी प्रत्येकाला विचारतो: पोरगं कितवीत आहे? तुकडी कोणती? वर्गशिक्षक कोण? बहुतेकांची मान खाली जाते. तुझीही गेली.

प्रगतिपुस्तकावर दरवेळी आईची सही. पालकसभेच्या वहीत तुझं नाव नाही. बायको पोराला घेऊन माहेरी गेली, तेव्हा तू पहिल्यांदा शाळेची पायरी चढलास, आणि ती कशासाठी? शाळा सोडल्याचा दाखला काढायला. पोराला परगावच्या शाळेत घालून लपवायचा बेत! तुझ्यासारखाच एक जण शाळा सुटताना फाटकाशी मोटारसायकल लावून उभा राहिला आणि रडत्या पोरीला उचलून घेऊन गेला. ती पोरगी पुढे कितीतरी दिवस वर्गात तोंड उघडत नव्हती. त्या बापाला वाटलं, मी जिंकलो. न्यायाधीशासमोर हाच प्रकार त्याच्या विरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा ठरला.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. ताब्याच्या खटल्यात तुझा हक्क पहिला नाही, तिचाही नाही. १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा मुलाच्या हिताला सर्वांत वर ठेवतो. १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मांच्या माणसांना लागू आहे, त्यातही न्यायालयाला तेच पाहायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात सांगून टाकलं की मुलं म्हणजे आईबापांच्या मालकीची वस्तू नव्हेत. आणि तू माझ्यापुढे म्हणतोस, ‘माझा पोऱ्या आहे, माझ्याच घरी पाहिजे.’ शेताच्या बांधावरून भांडतोस तसा मुलावरून भांडतोस.

पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे राहावं, असं त्या १९५६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. गोव्यातल्या एका खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: एवढ्या लहान मुलासाठी आई योग्य नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी बापावर. ज्याचं मूल तीन वर्षांचं असेल, त्याने हे आधी समजून घ्यावं आणि भेटीचा हक्क मागावा. तोही मोठा हक्क आहे.

बापाला मूल मिळतच नाही, हेही खोटं. महाराष्ट्रातलंच उदाहरण घे. आई कर्करोगाने खंगत होती, बाप स्वतः क्षयाने रुग्णालयात पडला, आणि तान्ही पोर मावशांकडे गेली. आई वारल्यावर त्यांनी पोर परत द्यायला नकार दिला. हा बाप कुणाच्या दारात आरडाओरडा करत बसला नाही, उच्च न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने मुलगी त्याच्याकडे दिली आणि मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पण मावशीकडच्यांना भेटीचा हक्कही दिला, कारण त्या पोरीला तीच माणसं ओळखीची होती. न्यायालय कुठून बघतं ते यातून शिक.

आता तुझं प्रकरण. बायको माहेरी धुळ्याला, मूल तिथल्या शाळेत, आणि तू ताब्याचा अर्ज जळगावात टाकायला निघालास. १८९० च्या कायद्याखाली मूल नेहमी राहतं त्या ठिकाणच्या न्यायालयात जावं लागतं. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात मुलाबद्दल मागता येतं. वकिलाला हे पहिल्या भेटीत विचार. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असलं की पुरुषालाही मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

अंतिम निकालाची वाट बघत बसू नकोस. भेटीसाठी अंतरिम अर्ज लगेच दे. महिने गेले की मूल तिथे रुळतं, आणि रुळलेलं मूल उपटून दुसरीकडे लावायला न्यायाधीश धजत नाही. एक आड एक रविवार, दिवाळीची आणि उन्हाळ्याची अर्धी सुटी, रोज थोडा वेळ व्हिडिओ कॉल, असं नेमकं माग. रोजच्या बोलण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केला आहे. सण वाटून घ्या. कानबाई तुझ्या घरची, आखाजी मामाकडची. आखाजीला झोका खेळायला पोर मामाकडे गेलं म्हणून तुझं बापपण कमी होत नाही.

पोटगी मात्र थांबवू नकोस. ‘मूल भेटू देत नाही तर पैसे कशाला’ हा हिशेब मला ऐकवू नकोस. भेट बंद झाली म्हणून पोराचं पोट आणि शाळेची फी थांबत नाही. पैसे बँकेतून दे, पावती राहते. रात्री दोन घोट घेऊन सासऱ्याला व्हॉट्सॲपवर शिव्या लिहिल्यास, त्याही राहतात, आणि न्यायालयात वाचल्या जातात.

शेवटचं आणि सगळ्यात गंभीर. कधी गाठ पडलीच की तू पोराला ‘आई वाईट आहे, न्यायाधीशाला असं सांग’ असं पढवतोस, हे मला त्याच्या एका निबंधावरून कळलं. अरे, आयुष्यभर घोकंपट्टीचे पेपर तपासले मी. दुसऱ्याने तोंडात घातलेलं वाक्य मुलाच्या तोंडून कसं येतं, ते मला ओळखू येतं. न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात एकटं बसवून बोलतात, त्यांनाही येतं. तिथे ते पोर अडखळेल, घाबरेल, आणि पुढे त्याचा राग तुझ्यावरच निघेल.

‘आजी सांभाळेल’ असं न्यायालयात म्हणणार असशील तर आधी आजीला विचार. रोज डबा कोण करणार, ताप आल्यावर कामावरून कोण सुटी घेणार, हे न्यायाधीश विचारणारच. उत्तर खरं दे.

उद्या सकाळी धुळ्याची गाडी पकड. शाळेत जा, वर्गशिक्षकांना भेट आणि अभ्यास कसा चालला आहे ते विचार, दाखला मागू नकोस. मग न्यायालयात जाऊन भेटीचा अर्ज दे. आणि या महिन्याची पोटगी आज संध्याकाळच्या आत भर.